चाळीस पुस्तकांचा सारांश, सील न फोडता

"कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे" हे वाक्य इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहराच्या कुठल्याही गल्लीत मोठ्याने बोलू नये. बोलणाराच तो 'कोणीतरी' ठरतो, आणि 'काहीतरी' त्याच्या गळ्यात पडतं.

हरजितो हे वाक्य बोलला गल्लीच्या महिन्याच्या सभेत, तोंडात उकडलेल्या शेंगा असताना. गस्तीच्या चौकीला लागून एक खोली नवीन बांधून झाली होती. दहा बाय बारा, एक खिडकी, एक पंखा. या खोलीचं करायचं काय यावर दोन तास सभा चालली होती. लास्त्रीकाकूंना तिथे कराओकेचा संच हवा होता. काकूंचं गुडेग, म्हणजे गूळ घालून रात्रभर शिजवलेली फणसाची भाजी, अर्ध्या शहरात जातं. गळाही तसाच आहे, लांबवर जाणारा.

"मुलं हल्ली वाचत नाहीत," हरजितो म्हणाला. "मुलं कशाला, आपण तरी कुठे वाचतो. कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मान डोलावणं याचा आमच्याकडे अर्थ 'ऐकू आलं' एवढाच. हो, नाही, पोट भरलं, घरी जायचंय, सगळ्याला तीच एक मान. पण गल्लीप्रमुख मुजियोकाकांना इतिवृत्त लिहायची भारी हौस. त्यांनी वहीत लिहूनही टाकलं: वाचनखोली. जबाबदारी हरजितो. सर्वानुमते.

"एकवीस दिवसांनी, रविवारी, लुराहसाहेब गटाराच्या नव्या झाकणांचं उद्घाटन करायला येतायत," काका म्हणाले. लुराह म्हणजे आमच्या वॉर्डाचे सर्वेसर्वा. "त्याच दिवशी खोलीचंही उरकून घेऊ. पुस्तकं तयार असली तर वाचनखोली. नसली तर कराओके."

"घाई नाही हो भाऊ," लास्त्रीकाकू गोड हसून म्हणाल्या. "मी आपलं फक्त भिंतीचं माप घेऊन ठेवते."

हे माप हरजितोच्या जिव्हारी लागलं. कारण मागच्या वर्षी सार्वजनिक हौदात मांगूर मासे पाळायची कल्पना त्याचीच होती. एका पावसात हौद भरून वाहिला, मासे गटारात गेले आणि शेजारच्या गल्लीने आठवडाभर मांगूर तळून खाल्ले. वर एक वाटी आमच्याकडेही पाठवली, शेजारधर्म म्हणून. तेव्हापासून हरजितो दिसला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय भाऊ, पाणी किती?" सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, शिक्षण खात्याच्या कचेरीत आवक-जावक कारकून, घरी बायको, दारात गाडी. त्याला गल्लीत एक तरी काम धडपणे शेवटाला नेऊन दाखवायचं होतं. ही खोली गेली, तर पाणी किती ते जन्मभर सांगत बसायला लागणार होतं.

पुस्तकं मिळाली मात्र चुटकीसरशी. हरजितोची बायको वेनिंग शिवणकाम करते. तिचा मावसभाऊ एका छोट्या प्रकाशनाच्या गोदामात आहे. त्या प्रकाशनाने वर्षभरात काढलेल्या सगळ्या पुस्तकांची एकेक प्रत एखाद्या वाचनखोलीला द्यायचं ठरवलं होतं. एक अर्ज, एक फोन, आणि चौथ्या दिवशी सायकलरिक्षातून खोकं आलं. हरजितोला वाटलं, सतरा दिवस हातात आहेत, आता काय उरलं. असं वाटलं की समजावं, आता सुरू होणार.

खोकं चौकीतल्या चटईवर रिकामं केलं तेव्हा निम्मी गल्ली जमली होती. चाळीस पुस्तकं, यंदाचीच, सगळी वेगळी. मुलांसाठी चित्रांचं 'रेड्याची छत्री'. 'ढग कुठे झोपतात'. एक रहस्यकथा, 'सातव्या मजल्यावर कोण राहतं'. एक जाडजूड कादंबरी, 'उरलेली चिठ्ठी', वर पोस्टमनची पाठ दिसते आणि पुढे रिकामा रस्ता. कविता. भुतं. गुडघेदुखी. 'फणस: बत्तीस तऱ्हा'. 'मांगूरपालन: यशाचा राजमार्ग', जे हरजितोने पटकन गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. 'नाही म्हणायला शिका' हे पुस्तक दिसताच सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं, आणि मग एकाच वेळी परत त्याच्याकडे.

आणि प्रत्येक पुस्तकावर घट्ट पारदर्शक प्लॅस्टिक. आमच्याकडे नवं पुस्तक म्हणजे प्लॅस्टिकमधलंच. दुकानात सील फोडलं की ते तुमचं झालं, म्हणून लहानपणापासून आम्हाला पुस्तक हात मागे बांधून बघायची सवय. तरी हरजितोने नख लावलंच. मुजियोकाकांनी त्याचा हात धरला.

"काय करताय?"

"उघडून बघतो काका."

"आणि लुराहसाहेब काय फोडणार? झाकणं?" काका म्हणाले. "सील हाच पुरावा की पुस्तकं नवीन आहेत. उघडलेली ठेवली तर साहेबांना वाटेल रद्दीतून उचलली. सील साहेबांच्या हातून फुटेल. तुम्पेंगचं टोक कापतात तसं."

तुम्पेंग म्हणजे समारंभातला भाताचा शंकू. त्याचं टोक मोठ्या माणसाने कापल्याशिवाय बाकीच्यांनी भाताकडे नुसतं बघायचं असतं, भूक कितीही लागो. उदाहरण एकदम चपखल होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग नुसतं बघणं सुरू झालं. कार्सोआजोबा, वय ब्याऐंशी, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, यांनी 'उरलेली चिठ्ठी' उचलून आधी नाकाशी धरली, मग कानाशी नेऊन हलवली, डुरियानचं काटेरी फळ घेताना हलवतात तशी.

"काय म्हणतंय आजोबा?" कोणीतरी विचारलं.

"जड आहे," आजोबा म्हणाले. "आत बरंच काही झालेलं दिसतंय."

लास्त्रीकाकूंनी फणसाचं पुस्तक दोन बोटांत धरलं. "बत्तीस? मी तीस वर्षं फणस शिजवतेय. मला अकरा येतात. बिया धरून."

"म्हणजे अजून एकवीस आहेत," वेनिंग म्हणाली.

"असतील तर," काकू म्हणाल्या आणि पुस्तक खाली ठेवलं. घरी जाताना दोनदा वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी हरजितो अर्धी रजा टाकून वॉर्ड कचेरीत गेला. खिडकीत सिवीताई होत्या, तरुण, हसऱ्या, आणि नियमाला एकदम पक्क्या. त्यांनी तीन प्रतींचा फॉर्म दिला. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकार, कोणत्या वयासाठी, स्थिती, सारांश, वाचकाला होणारा फायदा.

"ताई, पुस्तकं अजून सीलबंद आहेत."

"छान की. मग स्थितीच्या रकान्यात 'नवीन' लिहा."

"पण सारांश कसा लिहू?"

"वाचून."

"वाचायचं तर सील फोडावं लागेल."

"मग स्थिती 'वापरलेली' होईल. वापरलेल्या पुस्तकांचा फॉर्म वेगळा आहे. त्याला बुरशी नसल्याचं पत्र लागतं."

"नुसतं तपासायला फोडलं तर?"

"त्याला परवानगी लागते. ती लुराहसाहेब समक्षच देतात. साहेब प्रशिक्षणाला गेलेत, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येतील."

"कसलं प्रशिक्षण?"

"कामकाज सोपं करण्याचं," सिवीताई म्हणाल्या. "आणि भाऊ, यादी सात दिवस फलकावर लावायची. हरकती मागवायच्या. मग मुद्रांक लावून माझ्याकडे. मी तो साहेबांकडे प्रशिक्षणाच्या ठिकाणी पाठवून सही आणते. उद्घाटनाआधी सही नसेल तर खोली दुसऱ्या वापराला मोकळी."

दुसरा वापर कोणता हे हरजितोला माहीत होतं. त्याचं माप घेऊन झालं होतं.

त्याने सरळ मार्ग सगळे करून बघितले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पुस्तकांच्या पाठीवरचा मजकूर वाचला, तर निम्म्या पुस्तकांवर एकच वाक्य होतं: तुम्ही हसाल, रडाल आणि पुन्हा पहिल्या पानावर जाल. मांगूरपालनावरसुद्धा तेच. मोबाईलवर शोधलं, तिथे किंमत आणि 'शिल्लक आहे' एवढंच. प्रकाशनात फोन केला. उचलणारा म्हणाला, "गोष्ट फुकटात सांगितली तर आम्ही विकायचं काय?"

"शेवट नको. सुरुवात सांगा."

"दादा, मी कुरियर बघतो. मला पत्ते पाठ आहेत."

मग वेनिंगला युक्ती सुचली. कोपऱ्यावरच्या पार्लरमधून तिने केस वाळवायचं यंत्र उसनं आणलं. गरम वाऱ्याने प्लॅस्टिक सैल पडेल, अलगद काढू, वाचू, परत घालू. दोघांनी दार लावून घेतलं, 'सातव्या मजल्यावर कोण राहतं' टेबलावर ठेवलं आणि यंत्र चालू केलं. प्लॅस्टिक सैल पडलं नाही. आवळलं. असं आवळलं की पुस्तक दोन्ही टोकांनी वर उचललं गेलं आणि होडीसारखं झालं. टेबलावर ठेवलं की डुलायचं.

दोघं बराच वेळ त्या डुलणाऱ्या पुस्तकाकडे बघत बसले.

"वरून वजन ठेवू," वेनिंग म्हणाली.

शिलाई मशीन ठेवलं. काढलं. पुस्तक परत डुलायला लागलं. हरजितोने फॉर्ममध्ये स्थितीच्या रकान्यात लिहिलं: नवीन, किंचित वक्र.

आता राहिला एकच मार्ग. आणि खरं सांगायचं तर हरजितोइतका लायक माणूस त्याला दुसरा मिळाला नसता. बावीस वर्षं तो आवक-जावक बघत होता. पाकीट बंद असतानाच वरचं नाव, शिक्का आणि जाडी बघून वहीत विषय लिहायचा: 'बदलीबाबत', 'तक्रारीबाबत'. शंभरात नव्वद वेळा बरोबर यायचं. पुस्तक म्हणजे तरी काय, जाड पाकीट.

त्याने ओसरीत चटई टाकली, पुस्तकं मांडली आणि लिहायला बसला. पहिली दोन-तीन त्याने एकट्याने लिहिली. 'रेड्याची छत्री': रेड्याला पावसात भिजायचं नसतं, त्याला छत्री मिळते पण शिंगांनी फाटते. फायदा: वस्तू जपून वापरणे. चौथ्या पुस्तकापासून कुंपणापलीकडून सूचना यायला लागल्या. सहाव्यापासून माणसं चहाचे पेले घेऊन आत आली. 'फणस: बत्तीस तऱ्हा' पाशी लास्त्रीकाकूंनी अकरा तऱ्हा स्वतः सांगितल्या, पुढे हरजितोने 'इत्यादी' लिहिलं.

"इत्यादी म्हणजे?"

"उरलेल्या एकवीस, काकू."

"त्या कोणत्या तेच तर मी विचारतेय," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तहान होती. हरजितोच्या ते लक्षात आलं, पण त्याने 'इत्यादी' खोडलं नाही. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

चाळीस सारांश गल्लीच्या फलकावर लागले, आणि जे झालं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं. गल्लीने ते वाचले. भाजी आणायला निघालेल्या बायका पिशवी खांद्याला लावून फलकापुढे उभ्या राहायला लागल्या. पुरुष गाडी बंद न करता वाचायचे, मग बंद करून वाचायचे. आणि सगळे हरजितोला वाटेत अडवायचे.

"भाऊ, तो सातव्या मजल्यावरचा माणूस खाली का येत नाही?"

"भाऊ, ढग झोपतात हे ठीक. उठतात कधी?"

आठ दिवसांत एकानेही पाणी किती ते विचारलं नाही. हरजितोला हे फार गोड वाटलं, आणि थोडं टोचलंही. कारण प्रत्येक प्रश्नाला तो उत्तर देत होता. शांतपणे, आत्ताच पुस्तक मिटून आल्यासारखं.

हरकतींच्या डब्यात तेवीस चिठ्ठ्या निघाल्या. बावीस किरकोळ होत्या. तेविसावी कार्सोआजोबांची, 'उरलेली चिठ्ठी' बद्दल. हरजितोने लिहिलं होतं: निवृत्त पोस्टमनला पिशवीच्या अस्तरात एका बाईच्या नावची चिठ्ठी सापडते, तीस वर्षांपूर्वीची. तो ती पोचवायला निघतो. फायदा: कामात दिरंगाई करू नये. आजोबांनी खाली थरथरत्या अक्षरात विचारलं होतं: जिला चिठ्ठी आहे ती बाई आहे का अजून?

नियमाप्रमाणे हरकतीचा निकाल सभेत लागायला हवा होता, आणि आमच्याकडे सभेत मतदान होत नाही. मतदान म्हणजे भांडण. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत मसलत करायची, मग चहा संपला तरी चालेल. त्या दिवशी मसलत चार तास चालली. जगाच्या पाठीवर सीलबंद कादंबरीचा शेवट एकमताने ठरवणारी ती पहिलीच सभा असावी.

"बाई गेलेली असणार," मुजियोकाका म्हणाले. "तीस वर्षं म्हणजे काय."

"माझी गावाकडची सासू ब्याण्णवची आहे," लास्त्रीकाकू म्हणाल्या, "आणि परवा गेले तेव्हा माझ्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवली तिने."

"तिने दुसरं लग्न केलेलं असेल," वेनिंग म्हणाली. "मग चिठ्ठी द्यावी का?"

"द्यावी," कार्सोआजोबा म्हणाले. आख्ख्या सभेत ते एवढंच बोलले. "चिठ्ठी तिची आहे."

शेवटी ठरलं ते असं: बाई जिवंत आहे. दार तीच उघडते. पोस्टमनला बसवते, चहा देते. तो जाईपर्यंत चिठ्ठी उघडत नाही. मुजियोकाकांनी हट्टाने एक ओळ घालून घेतली, की पोस्टमन रीतसर पोच घेतो. सर्वानुमते. हरजितोने सारांश दुरुस्त केला, मुद्रांक लावला, सही ठोकली आणि फॉर्म सिवीताईंच्या खिडकीत दिला. मुद्रांकाखाली 'वरील माहिती खरी आहे' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते तो नेहमी वाचायचा. त्या दिवशी वाचलं नाही.

रविवार उजाडला. गटाराची झाकणं धुऊन लख्ख केली होती. खोलीत चाळीस पुस्तकं ओळीने उभी होती, एक सोडून. ते होडीसारखं आडवं ठेवलं होतं. मधोमध तुम्पेंग, पिवळाधमक भात, कडेला टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, अंडी, हिरव्या शेंगा. ताटात फुलं आणि वेनिंगची कापडाची कात्री.

लुराहसाहेब आले, झाकणं बघितली, एकावर पाय ठेवून फोटो दिला आणि माईक घेतला.

"प्रशिक्षणात मला एक फॉर्म आला," साहेब म्हणाले. "मी रोज वीस फॉर्म सही करतो. हा मी वाचला. चाळीसच्या चाळीस सारांश. त्या पोस्टमनपाशी आलो आणि, खोटं कशाला बोलू, शेजारच्याने मला रुमाल दिला."

टाळ्या पडल्या. हरजितोने हात मागे बांधले.

"म्हणून सील मी त्याच पुस्तकाचं फोडणार."

साहेबांनी कात्री लावली. प्लॅस्टिक चर्र करून निघालं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून सगळे नकळत एक पाऊल पुढे आले. साहेबांनी तुम्पेंगचं टोक कापून ताटलीत घेतलं, ताटली आणि पुस्तक दोन्ही रिवाजाप्रमाणे सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या हातात दिलं.

"आजोबा, शेवटचं पान वाचून दाखवा. तो चहाचा प्रसंग."

कार्सोआजोबांनी ताटली शेजारच्याकडे दिली. पुस्तक मागून उघडलं, हात लांब करून धरलं. थोडा वेळ बघितलं. मग घसा साफ करून वाचायला लागले.

"दार तिनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. म्हणाली, लांबून आलात, बसा. त्याने चिठ्ठी दिली. तिने ती फडताळावर ठेवली आणि चहा टाकला."

साहेबांनी डोळे मिटले होते. हरजितोचेही क्षणभर मिटले. त्याला वाटलं, शंभरात नव्वद वेळा येतं तसं हे बरोबर आलं. देव आहे.

"मग पोस्टमनने," आजोबा पुढे वाचत होते, "रीतसर पोच घेतली."

हरजितोने डोळे उघडले. असलं वाक्य कुठलाही लेखक लिहिणार नाही. जगात ते एकाच माणसाला सुचलं होतं, आणि ते मुजियोकाका समोर उभे राहून छातीवरची बटणं मोजत होते. हरजितोने आजोबांकडे नीट बघितलं. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. पुस्तक उलटं नव्हतं एवढंच.

"वा," साहेब म्हणाले. "द्या इकडे. हे पान माझ्याबरोबर फोटोत पाहिजे."

आणि मग आमची गल्ली कामाला लागली. "साहेब, आधी भात घ्या, गार होतोय," लास्त्रीकाकू आडव्या आल्या. "साहेब, सहावं झाकण राहिलं बघायचं," मुजियोकाका म्हणाले. कोणीतरी पंखा तिसऱ्या वेगावर टाकला आणि पानं फडफडायला लागली. कार्सोआजोबांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी कोणाला उलट बोलला नाही, वॉर्डाच्या प्रमुखासमोर उभा राहून म्हणत होता, "अजून एक ओळ राहिलीय."

हरजितोला ते बघवेना. मासे गेले तेव्हा लाज वाटली होती ती स्वतःची होती, ती पेलता येते.

"साहेब, आजोबा वाचत नाहीयेत," तो म्हणाला. "ते मला सांभाळून घेतायत. पुस्तक कोणीच उघडलेलं नाही, मीही नाही. सील फोडलं तर नवीन राहत नाही, न फोडलं तर सारांश येत नाही, म्हणून मी मनाने लिहिले. सगळे चाळीस. मुद्रांक माझ्या नावाचा आहे. गल्लीचा काही संबंध नाही."

"चहा आम्ही घातला," वेनिंग मागून म्हणाली.

"पोच माझी," मुजियोकाका अगदी हळू म्हणाले.

 साहेबांनी आजोबांसमोर हात पुढे केला, आजोबांनी पुस्तक दिलं. साहेबांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. मनात. सिवीताई फाईल घेऊन उभ्या. भात गार होतोय. साहेबांनी पान उलटलं.

"साहेब," कार्सोआजोबा म्हणाले, "आहे का ती बाई?"

"थांबा," साहेब म्हणाले. "इथे पोस्टमनच मेलाय."

"कुठे?"

"पहिल्याच ओळीत."

खोलीत असा सुस्कारा सुटला जणू गल्लीतलाच कोणी गेला.

"मग चिठ्ठी कोण देणार?" लास्त्रीकाकूंनी विचारलं.

"तेच बघतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिसरं पान उलटलं. सिवीताई खाकरल्या. साहेब भानावर आले, बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. "हे बघा. या फॉर्मवर माझी सही आहे. मी सही केलेला फॉर्म खोटा असू शकत नाही, तशी पद्धत नाही. फार तर अपुरा असू शकतो. दुरुस्त सारांश द्यायचे. चाळीस, वाचून. एका महिन्यात. महिन्याने खरे सारांश आले तर खोली कायमची पुस्तकांची. नाही आले तर..." त्यांनी लास्त्रीकाकूंकडे बघितलं.

काकूंनी ऐकलंच नाही. त्या फणसाच्या पुस्तकाचं प्लॅस्टिक दाताने फाडत होत्या.

हरजितोला वाटलं होतं उद्यापासून टोमणे सुरू होतील. झाले, पण भलतेच. लोक त्याच्याकडे तक्रारी घेऊन यायला लागले. "भाऊ, रेड्याला शेवटपर्यंत छत्री मिळतच नाही. आपण तर दिली होती." मुजियोकाकांनी 'नाही म्हणायला शिका' आपण नेलेलं नाही असं तीन जणांना सांगितलं आणि चौथ्या दिवशी त्यातला उतारा सभेत म्हणून दाखवला. लास्त्रीकाकू पळी हातात घेऊनच आल्या. "चौदावी आणि सत्ताविसावी तऱ्हा एकच आहे, नुसतं मिरची आधी घातलीय. पण बाविसावी..." आणि त्या पळी सावरत परत फिरल्या. आठवड्याने त्यांच्या दुकानात नवीन पातेलं दिसलं. सातव्या मजल्याचं पुस्तक वाचायला दोन हातांनी दाबून धरावं लागायचं, म्हणून ज्या घरी जाई तिथे नवरा-बायको ते जोडीने वाचायचे. कविता सगळ्यात शेवटी गेली, पण ती ज्याने नेली त्याने अजून परत केलेली नाही आणि नाव सांगू नका म्हणालाय.

फॉर्म भरणं त्यामुळे फार अवघड झालं. पुस्तक बंद होतं तेव्हा एका सारांशावर एकमत व्हायला चार तास लागत. उघडल्यावर एकाच पुस्तकाचे तीन सारांश यायला लागले आणि देणारे तिघंही पुस्तक वाचून आलेले. हरजितो रोज संध्याकाळी त्या खोलीत बसून ऐकायचा आणि लिहायचा. कपाट बहुतेक रिकामंच असे. महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा एकोणचाळीस झाले होते.

चाळिसावं घेऊन कार्सोआजोबा आले. डोळ्यावर चष्मा होता. 'उरलेली चिठ्ठी' त्यांनी टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवून थोडं टेकले.

"बसा आजोबा," हरजितोने पेन उघडलं. "सांगा. पोचते का चिठ्ठी?"

"पोचते की नाही ते मला कळलंय."

"मग सांगा ना. ती बाई आहे का?"

"नाही सांगणार."

"आजोबा, परवा फॉर्म द्यायचाय. हे नाही झालं तर खोली जाईल."

"म्हणून तर," आजोबा म्हणाले. "सगळ्यांचं ऐकून लिहिलंस. आधी न उघडता लिहिलंस, मग न वाचता. एक तरी स्वतः वाचून लिही. दोन दिवस आहेत, माझ्या डोळ्यांनी झालं तर तुझ्या होईल." आणि ते काठी टेकत निघून गेले. मागे वळून बघितलं नाही.

हरजितोने पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीत पोस्टमनला जाऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या ओळीत त्याची सायकल अजून रोज सकाळी कोणीतरी पुसत होतं. हरजितोने पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची खिडकीकडे सरकवली.

वेनिंगने घरातून दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतः आली, काहीतरी बोलायला म्हणून त्याच्या मागे उभी राहिली, आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. बऱ्याच वेळाने त्याने पान उलटायला बोट घातलं तेव्हा तिने ते वरून धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी अजून वरच आहे."